शेंदराखालचे दात

हार घेऊन आला असाल तर आल्या पावली परत जा. मला हार नको. मी पकड बोलतेय. खिळे उपटायची पकड नव्हे. जळगावच्या एका डाळमिलमध्ये पोती वर नेणारा पाळणा आहे, त्याच्या माथ्यावर बसलेली पकड. इतकी वर्षं गप्प होते, लोखंडानं बोलायचं नसतं म्हणून. पण एक बाई मेली, तिच्या मरणाचा आळ एका घाबरट पोरीवर घातला गेला, आणि तोही माझ्या नावानं. तेव्हापासून आतल्या आत धुमसतेय. आज सगळं सांगून टाकणार.

माझं काम साधं आहे. पाळणा दोरावर टांगलेला असतो, आणि तो तारेचा दोर माझ्या पाठीच्या मध्यावर बांधलेला असतो. दोर ताठ आहे तोवर माझी पाठ वाकलेली असते आणि माझे दोन दात, एक डावा आणि एक उजवा, आत ओढलेले असतात. दोर तुटला की पाठ एकदम सरळ होते आणि दोन्ही दात बाहेर उसळून बाजूच्या खाचांच्या रुळांत रुततात. पाळणा आहे तिथे थांबतो.

म्हणजे दचकणं हेच माझं काम. लोक दचकणाऱ्याला हसतात. हसोत. दिवसातून चाळीस वेळा मी वर जाते, चाळीस वेळा खाली येते, आणि दर खेपेला मनात एकच धास्ती असते, आता तुटला, आता तुटला. ही धास्ती संपली की मी संपले.

माझा जन्म धुळ्याचा, सन ब्याऐंशीचा. त्याआधी मी एका ट्रकच्या चाकावरचा कमानपाटा होते. सोनगीरच्या पुढे भरल्या ट्रकखाली पाट्यांची चळत मोडली, त्यातली मी एकटी धड राहिले आणि भंगारातून रुपचंद मिस्त्रीच्या भट्टीशी आले. आग्रा रोडला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. त्यानं मला हातानं वाकवून बघितलं, मी फटकन सरळ झाले आणि त्याच्या मनगटावर बसले. मनगट चोळत तो हसला. "हाई मरेल नही. हिनामा अजून जीव शे."

दात त्यानं महिनाभर घासले. मग वर्कशॉपच्या मागे खाचांचे दोन रूळ उभे केले, त्यांच्यामध्ये आंब्याला पाळणा टांगला, त्यात विटा भरल्या आणि विटांवर पाण्यानं भरलेला माठ ठेवला. जळगावचे बन्सीलालशेठ मुद्दाम बघायला आले होते. मिल त्यांचीच. रुपचंदनं दोर तोडला. मी अशी दचकले की आंब्यावरचे पोपट उडाले. माठातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर सांडलं, माठ मात्र शाबूत होता.

शेठ धोतर झटकत "वा वा" म्हणाले. रुपचंदला वा वा नको होतं. "शेठ, आयका. बिजागरीले थेंबभर तेल. दातासले काही लावानं नही, दात कोरडा पाह्यजेत. आनि महिनाना महिना दोर ढिला करी दखा. दात उसळनात ते पकड जित्ती शे. नही उसळनात ते मरेल शे."

शेठ विसरतील हे त्याला ठाऊक असावं. म्हणून त्यानं एका पत्र्याच्या पट्टीवर ठोकून ठोकून अक्षरं उमटवली आणि ती पट्टी माझ्या छातीवर रिबीट केली. 'दात कोरडे ठेवा. महिन्याला दोर ढिला करून बघा. रुपचंद मिस्त्री, धुळे.' माझं सगळं शास्त्र दोन ओळींत मावलं होतं. तेवढंही लोकांनी वाचलं नाही.

मिलमध्ये आले तेव्हा मला तेलाचा आणि तुरीचा वास लागला. तुरीला तेल-पाणी चोळायचं, पोती भरून तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत न्यायची आणि उन्हात पसरायची. दिवसभर बायका त्या तुरीतून पाय ओढत फिरत, म्हणजे ती सारखी वाळते. जळगावचं ऊन मी सांगायला नको. त्या उन्हातून उतरलेल्या, गुडघे गेलेल्या बाया तीन जिने चढणार कशा? पाळण्याच्या दारावर पाटी होती, 'माणसांनी बसू नये.' त्या पाटीखाली उभं राहूनच बाया पाळण्याची वाट बघत.

त्यांत धुरपदाबाई आणि मंदाबाई ही जोडी कायमची. उजव्या बाजूला एक खिळा होता, त्याला मंदाबाई आपल्या भाकरीची पिशवी अडकवायची आणि पिशवीखाली उभी राहायची. धुरपदाबाई डावीकडे, तोंडात मिश्री धरून. वर पोचेपर्यंत दोघी श्वास रोखून असत. ते मला आवडायचं. आपल्यासारखंच कुणीतरी भितंय, हे बरं वाटायचं.

मिलचा फिटर हिलाल. त्यानं रुपचंदचं बोलणं ऐकलेलं होतं. दर एक तारखेला तो पाळणा रिकामा करी, टेकण देई, दोर ढिला सोडी. खट्-खट्! माझे दात रुळात. मंदाबाई दर वेळी किंचाळायची, "मुडद्या हिलाल, एक दिवस जीव घेशीन तू कोणाचा!" हिलाल म्हणायचा, "मावशी, हिनी दात दावले तोवर तुमचा जीव तुमच्यापाशी."

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात दोर खरंच तुटला. पाळण्यात सहा पोती आणि या दोघी होत्या, दुसऱ्या मजल्याच्या वर. मी वीतभरही खाली येऊ दिलं नाही. धुरपदाबाईची मिश्रीची डबी तेवढी खाली गेली, ती तळाला पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि मग रडारड सुरू झाली. शिडी लावून दोघींना उतरवलं. खाली उतरल्यावर मंदाबाईनं जमिनीला हात लावले आणि मग वर बघून मला जोडले.

त्या दिवशी मला वाटलं, आता नवा दोर येईल. हिलाल दात पुसेल.

दुसऱ्या दिवशी शेंदूर आला. मंदाबाईनं तुरीला चोळायच्या तेलातच तो कालवला आणि माझ्या दोन्ही दातांना लावला. पाळणा तळाला उतरला की पहिल्या मजल्याच्या दारातून माझ्यापर्यंत हात पोचतो. त्या दारात नारळ फुटला. माझं नाव पडलं पाळणामाय. आठवड्यानं शेठ स्वतः आले आणि चांदीचे दोन डोळे डकवून गेले. माझ्या छातीवर, रुपचंदच्या अक्षरांच्या वर.

मला नवा दोर हवा होता हो! मिळाले डोळे. तुटलेला दोर शेठनी क्लॅम्प मारून सांधून घेतला. हिलाल म्हणाला, नवा टाकू. शेठ म्हणाले, "नव्यासाठी दोन दिवस मिल बंद ठेवू? गच्चीवर तूर पडलीय. आणि वर माय बसली आहे ना, मग कसली काळजी?"

पुढच्या एक तारखेला हिलाल दोर ढिला करायला आला तर बायांनी त्याला घेरलं. "मायना अंगले हात लावू नको. दर महिन्याले देवनी परीक्षा दखस का तू?" दोन महिने तो भांडला. मग शेठनीच त्याला बोलावून सांगितलं, बायका काम सोडून जातील, हे थांबव. सत्त्याऐंशीत हिलाल नरडाण्याच्या कारखान्यात निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मी तरी काय करू वं?"

दर मंगळवारी शेंदूर. पहिल्या वर्षी तो नुसता ओला रंग होता. दुसऱ्या वर्षी बिजागरीत उतरला, छातीवरच्या पट्टीवरही चढला. मग तेल वाळत गेलं, थरावर थर चढले, डाळीचा धुरळा त्यात बसला आणि माझ्या दातांवर विटेसारखं कठीण कवच झालं. आत मी हलायला बघायची. तसूभरही हलता येईना. ज्यांच्यासाठी मी दचकायची, त्यांनीच मला लिंपून टाकलं होतं. वरून मजा बघा, आता बायांची भीती पार गेली होती! पाळण्यात चारचार जणी चढत, खिदळत, नव्या सुनेला म्हणत, "भ्यायचं नाही गं, माय शे." अगं, मी नाही! मी आत मरून पडलेय! कुणाला सांगू? बाहेर नारळ फुटत होते.

अशी सहा वर्षं गेली. एक्क्याण्णवात कुंदा आली. धुरपदाबाईची मुलगी, घरातली पहिली बी.कॉम. खालच्या ऑफिसात गेटपास लिहायला लागली. पोत्याचा धप्पकन आवाज झाला तरी तिच्या हातून पेन सुटायचं. बाया हसायच्या. "धुरपदा, तुनी पोर सशानी शे का वं?" आईचा डबा द्यायला ती गच्चीवर जायची ती जिन्यानं, भिंतीला हात लावत.

मी तिला पहिल्यांदा बघितलं आणि ओळखलं. ही माझ्या जातीची.

ब्याण्णवच्या वैशाखात, पहिल्या मजल्याच्या दारात ती आईची वाट बघत उभी होती. उन्हानं तडकलेली शेंदराची एक खपली माझ्या छातीवरून गळून तिच्या पायाशी पडली. ती दोन पावलं मागे उडाली. मग भीत भीत पुढे आली आणि खपलीखालची अक्षरं वाचू लागली. '…रडे ठेवा. …ढिला करून बघा. रुपचंद मिस्त्री, धुळे.'

"माय," तिनं धुरपदाबाईला विचारलं, "हिचे दात कुठे आहेत?"

"देवीले दात ऱ्हातस का? येडी."

त्या पत्त्यावर, तेवढ्याच पत्त्यावर, कुंदानं कार्ड टाकलं. 'रुपचंद मिस्त्री, धुळे.' पोस्टमननं ते पोचवलंही. आठ दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या मजल्याच्या दारातच उभं राहून तिनं ते पुटपुटत वाचलं, म्हणून मलाही कळलं. 'बेटी, ती देवी नाही, ट्रकचा पाटा आहे. नारळ फोडला तर तुम्हीच खा, तिच्या अंगावर पाणी उडवू नका. रॉकेल लाव, खरवड, मग पाळणा रिकामा करून दोर ढिला सोड. दोन्ही दात उसळले पाहिजेत. एकानं भागत नाही.'

मला नऊ-दहा वर्षांनी बाप भेटल्यासारखं झालं.

कार्ड घेऊन ती शेठकडे गेली. शेठ तेव्हा पाळण्यापाशीच पोती मोजून घेत होते.

"शेठ, पकड चालते का ते एकदा बघू या?"

"कुंदाताई, सात वर्षांत कधी दोर तुटला?"

"नाही, पण…"

"मग? ही मायची कृपा. तुम्ही शिकलेल्या पोरी फार घाबरता बुवा."

तिनं आईला गळ घातली. "माय, निदान तू तरी जिन्यानं जा."

"माझ्या गुडघ्यांना सांग," धुरपदाबाई म्हणाली. "त्यांनी ऐकलं तर मी ऐकते. आन् तिनी माले जित्तं ठेयेल शे. तिना अंगले खरवडशी तू? बठ्ठ्या बाया, सगळ्याच्या सगळ्या, काय म्हनतीन?"

मग मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कुंदा एकटी आली. चहाच्या स्टोव्हमधलं रॉकेल बाटलीत घेतलेलं, आईच्या डब्यातला चमचा आणि शाळेतल्या कंपासचं टोक. चमचा हातातून दोनदा सुटला. पण पोरगी हटली नाही. डाव्या दातावर रॉकेल ओतलं, खरवडलं, पुन्हा ओतलं. सात वर्षांचा शेंदूर चिखलासारखा सुटून आला. बिजागरी करकरली, आणि माझा डावा दात केसभर हलला. ती दचकली आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

ती उजव्या दाताकडे वळली, तेवढ्यात मंदाबाई आली. मंगळवारचा शेंदूर लावायला.

"हात झडतीन वं तुझे!" तिनं कुंदाला दंडाला धरून मागे ओढलं. चमचा खाली गेला. "माय, पोर अडाणी शे, माफ कर," असं म्हणत मंदाबाईनं वाटीतला शेंदूर डाव्या दाताला लावून पाहिला. रॉकेलानं ओल्या लोखंडावर तो बसेना. तेव्हा तिनं अख्खी वाटी उजव्या दातावर रिकामी केली. बोटांनी नीट, मायेनं, फटीफटीत भरला. मंदाबाईवर मला राग धरता येत नाही. हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे.

शुक्रवारी दुपारी दोर तुटला. सांध्यापाशीच. दोघी पाळण्यात होत्या, आपापल्या जागी, आणि पाच ओली पोती होती. दोर सुटल्याचं मला कळलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून पाठ सरळ केली. डावा दात उसळला आणि रुळात रुतला. उजवा जागचा हलला नाही. पाळणा डावीकडून धरला गेला आणि उजवीकडून खचला, ताटातून भात ओतावा तशी पोती घसरली. धुरपदाबाईनं डावी दांडी दोन्ही हातांनी धरली, तिचा एक हात मोडला. मंदाबाई पोत्यांबरोबर गेली. पिशवी खिळ्याला तशीच लटकत होती.

मंदाबाई वाचली नाही. आणि तिची राख गार व्हायच्या आत लोकांना कारण सापडलं. कुंदानं मायला लोखंड लावलं. मायचा कोप झाला.

सोमवारी शेठनी कुंदाला पाळण्यापाशीच बोलावलं. पाळणा अजून तसाच तिरपा अडकलेला होता, माझा माथा दुसऱ्या मजल्याच्या दाराशी. जिन्यावर बाया गोळा झाल्या होत्या. शेठच्या हातात लिहून तयार केलेला कागद होता. 'मी परवानगीशिवाय पाळण्याच्या पकडीस हत्यार लावले, त्यामुळे पकड नादुरुस्त झाली.' खाली कुंदाची सही तेवढी हवी होती. दुसऱ्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर यायचे होते, त्यांच्यासाठी हा कागद.

"सही करा ताई. चूक होते माणसाकडून. मी सांभाळून घेईन."

कुंदानं पेन घेतलं. खरं सांगते, तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच मारलं. घाबरणाऱ्या माणसाच्या गळ्यात कुणाचाही गुन्हा सहज बसतो. मी ओरडत होते. दात बघा! दोन्ही दात बघा! पण लोखंड ओरडलं तर ऐकू कुणाला जाणार?

जिन्यावर बाया बाजूला सरकल्या. धुरपदाबाई वर येत होती. हाताला प्लास्टर, एकेका पायरीवर थांबत, त्या गुडघ्यांनी दोन मजले. ती दारातून वाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. डावा दात पांढरा, रुळात रुतलेला. उजवा लाल, फुगलेला, आत.

"कुंदा, हाऊ दात तू घसेल का?"

"हो माय."

"आनि हाऊ?"

"त्याला हात लावायच्या आधी मंदामावशीनं ओढलं मला."

धुरपदाबाई शेठकडे वळली. "शेठ, ज्या दातले पोरनी हात लावा, त्यानी माले धरं. ज्याले हात नही लावा, त्यानी मंदाले सोडं."

"बाई, देवाच्या गोष्टीत असं…"

"कागदवर काय लिखेल शे? वाच व कुंदा."

कुंदानं वाचलं. "पाळण्याच्या पकडीस…"

"पकड लिखेल शे ना?" धुरपदाबाई म्हणाली. "सात वरीस माय माय करी राहिनात तुम्ही. आते कागदवर माय कोठे गई?"

जिन्यावर कुणी तरी फस्सकन हसलं. शेठनी कागदाची घडी करून खिशात घातली. कुंदानं पेन टोपण लावून त्यांना परत दिलं. त्या वेळी ते तिच्या हातून सुटलं नाही.

उजवा दात धुरपदाबाईनं स्वतः खरवडला, उरलेल्या एका हातानं, खुरप्यानं. अर्धा दिवस लागला. खरवडताना ती मला शिव्या देत होती. "झोपी जायेल व्हती का वं? आं? मंदाले कसं सोडं?" मी ऐकून घेतलं. झोपवलं कुणी, हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर रडत होती. चांदीचे डोळे निघून खाली पडले, ते कुणी उचलले ते मी पाहिलं नाही.

शेठला कुणी काही विचारलं नाही. इन्स्पेक्टर आले, चहा पिऊन गेले. नवा दोर आला तेव्हा शेठनी त्यालाच हार घातला.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. धुरपदाबाई काम सोडून घरी बसली. कुंदा मिलमध्येच आहे. दर एक तारखेला जेवणाच्या सुट्टीत ती येते, पाळणा रिकामा करवते, स्वतः टेकण बघते आणि दोर ढिला सोडायला लावते. खट्-खट्! दर वेळी ती दचकते. दर वेळी बाया हसतात. दात पुसून ती गेटपास लिहायला खाली जाते.

तुमच्यासाठी जे कुणी असं धास्तावून बसलेलं असेल, यंत्र असो की माणूस, त्याच्या पाया पडू नका. त्याचे दात हलतात का ते बघा. हात काळे होतील, होऊ द्या. मंदाबाईचे हात लाल होते.

आज सत्तावीस तारीख आहे, आणि कुंदा यायला अजून चार दिवस आहेत. सकाळी गच्चीवर एक नवी बाई कामाला लागली. चढताना तिनं वर बघून हात जोडले, आणि मग पहिल्या मजल्याच्या दारात थांबून, कुणाच्या तरी देवघरातून आणलेल्या शेंदराच्या पुडीत बोट बुडवून माझ्या उजव्या दाताला लावलं. एवढासाच ठिपका आहे. पण तेलात कालवलेला आहे, आणि ऊन चढतंय.